पालकाची वाटी

“ही बघ, संपवली!” ह्यांनी रिकामी वाटी उलटी करून दाखवली. “मॅडमना सांग, देठसुद्धा ठेवला नाही.”

मॅडम म्हणजे दवाखान्यातली आहार सांगणारी पोरगी. आमचं लग्न झालं तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

एकतीस वर्षं मी बाजारात पालेभाजी विकते आणि एकतीस वर्षं ह्या माणसाने माझी भाजी ताटात बाजूला सारली. “मी काय बैल आहे, पाला खायला?” असं वर ऐकवायचे. मग आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर ती पोरगी गोड आवाजात म्हणाली, “काका, पालेभाज्या, फळं, कडधान्यं वाढवा. रोग पसरू नये म्हणून त्याची मदत होत असावी, असं काही अभ्यासांत दिसतंय. खात्री देत नाही हं. औषधं मुख्य.” झालं! दुसऱ्या दिवसापासून हे वाटी चाटूनपुसून खाऊ लागले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. दुखणं त्यांच्या पोटात, पण दुखत होतं माझ्या.

एकदा मी तिला सुनावलंच. “निवडते मी, धुते मी, शिजवते मी. नाव मात्र तुमचं.”

“कुणाच्या का नावाने, काकू, पोटात जाऊ दे,” ती म्हणाली. खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

पुढच्या तपासणीत रोग यकृतात पसरलेला दिसला. डॉक्टरांशी बोलून ती बाहेर आली, आहाराचा कागद मागून घेतला आणि यादीवर रेघ मारली. “आता काकांना आवडेल ते द्या.” तिचे डोळे भरले होते. माझ्या मनात मात्र, सांगायला लाज वाटते, पहिल्यांदा हेच आलं की संपलं एकदाचं हिचं राज्य.

घरी येऊन मी बटाटे तळले, ह्यांना आवडतात तसे कुरकुरीत. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि ताटात बघत राहिले.

“भाजी नाही केलीस?”

“कशाला? मॅडमनी सुटका केलीय तुमची.”

“मॅडमचं काय घेऊन बसलीस? तुझी भाजी दे.”

टोपलीत ओल्या गोणपाटाखाली अर्धी जुडी उरली होती. तीच निवडली. पानं नीट दिसत नव्हती, तरी निवडली.

दोन घास गेले. तिसऱ्याला ह्यांनी नको म्हणून मान हलवली. वाटी मात्र बाजूला सारली नाही. थंड होईपर्यंत हातात धरून बसले.