तिथीची पाऊणपट

"मास्तर, आज भरती कवा?"

शिवदास मास्तरांच्या तोंडात राखुंडी होती. ती थुंकून ते म्हणाले, "षष्ठी आज. तीनला."

"बघ हां!" ठमाबाई म्हणाली आणि बोंबील वाळत घालायला गेली.

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे थळच्या कोळ्यांना पाळण्यातच कळतं. षष्ठीची भरती साडेचारला. शिवदास थळच्या शाळेत पोरांना पाऊणकीचा पाढा शिकवत, पण त्यांना कुणी प्रश्न विचारला की पाऊणकी खिडकीतून निघून जाई. मास्तरकीसाठी लागणाऱ्या फायनल परीक्षेत अंकगणितात त्यांना पहिल्यांदा बावीस मार्क पडले, मग सतरा, मग अकरा. उतरता क्रम तेवढा चोख होता. यंदा, म्हणजे एकतीस साली, नापास झाल्यास जागा रिकामी करावी, असं शाळा बोर्डाचं पत्र आलं होतं. वर्षभरात त्यांना आलेलं ते एकमेव पत्र. त्यांनी ते दोनदा वाचलं.

ठमाबाई त्यांची घरमालकीण. नवरा वारल्यापासून त्याची होडी खाडीच्या चिखलात पडून होती. तीन वाजता ती मास्तरांना त्या होडीत घेऊन बसली. पाणी लांब होतं.

"ठमाबाई, चुकलं माझं. जाऊ या घरी."

"का? तू तीन बोललास ना? मग पानी येयपर्यंत बसायचा."

दोघं कोरड्या होडीत दीड तास बसली. जाणाऱ्या बायका विचारत, "ठमे, खंय चाललीस?" ठमाबाई सांगे, "मंबयला." साडेचारला पाणी आलं, होडी जराशी हलली.

"आला का न्हाय? चुकल्यावर कोन मरत न्हाय, मास्तर. जरा बसावा लागतंय."

मग हे रोजचंच झालं. सकाळी ठमाबाई एक गणित घाली. पुढे दोन, पुढे पाच. चुकलं की होडी. माघात मास्तर आठवड्यातून चारदा मुंबईला गेले, फाल्गुनात एकदाच. ठमाबाईच्या नवऱ्यानंतर त्या होडीत आपल्याशिवाय कुणी बसलेलं नाही, हे त्यांना एकदा बसल्याबसल्या उमगलं. त्यांच्याही खोलीत कुणी येत नसे.

अलिबागला परीक्षेत पहिलंच उत्तर पावणेसात माणसं असं आलं. मास्तरांनी दोन्ही पाय बाकावर घेतले आणि ते स्वस्थ बसून राहिले.

"पाय खाली घ्या," पर्यवेक्षक म्हणाले.

"घेतो. पाणी येऊ दे," मास्तर म्हणाले, आणि गणित पुन्हा मांडलं. नऊ माणसं.

एकाहत्तर मार्क पडले. पास झालेल्या मास्तरला बोर्डानं बढती दिली, घाटाच्या पायथ्याच्या शाळेत. तिथून समुद्र दिसत नाही.

निघायच्या दिवशी दुपारी बाराला गाडीवान येसाजीची बैलगाडी दारात उभी होती. ट्रंक चढली.

"मास्तर, आज भरती कवा?" ठमाबाईनं सवयीनं विचारलं.

तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन. आता हे त्यांना झोपेतही आलं असतं.

"साडेबाराला," मास्तर म्हणाले.

ठमाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"चुकलास," ती म्हणाली. "चल."

"अहो मास्तर, गाडी जुंपलीय!" येसाजी ओरडला.

कुणी मागे वळलं नाही. येसाजीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि बैल सोडून सावलीला बांधले. खाली चिखलात दोघं होडीत बसली होती. पाणी अजून लांब होतं.