बारा संगणकांवरचा केतू

"यंत्राला कोणी शिवू नका! यंत्र केतूच्या ताब्यात आहे!"

अंकानंद स्वामींनी असा हाकारा दिला आणि संगणकखोलीत दाटीवाटीनं उभे असलेले साठ-सत्तर जण एक पाऊल मागे सरले. मागे सरायला जागा नव्हती, तरी सरले. अकोटच्या त्या शिक्षण संस्थेत बारा संगणक होते आणि २००७ चा दसरा झाल्यापासून बाराही रुसून बसले होते. चालू व्हायचे, पडदा उजळायचा, पण इंटरनेट काही लागायचं नाही. विद्यार्थी तीन दिवस नुसते माशा मारत बसले होते.

स्वामी अकोल्याहून जीपनं आले होते. भगवी कफनी, गळ्यात स्फटिकाची माळ आणि खिशात कॅल्क्युलेटर. संगणक शिकवणाऱ्या शालू मॅडमनं प्रत्येक पडद्यावर त्या त्या यंत्राचा नंबर सतत दिसत राहील अशी खिडकी उघडून ठेवली होती. स्वामींनी पहिल्याच नंबरवर बोट ठेवलं. १६९.२५४ आणि पुढे आणखी दोन आकडे.

"एक अधिक सहा अधिक नऊ किती? सोळा! एक अधिक सहा? सात! सात अंक कोणाचा?"

"केतूचा!" मागून विपुल ओरडला. विपुल म्हणजे शालूचा मदतनीस. स्वामींना आणायची कल्पना त्याचीच.

"केतूला शीर नाही. म्हणून या यंत्रांना दिशा नाही," स्वामी म्हणाले. त्यांनी अकरा माळा जप लावला. विपुल उदबत्त्या आणायला गेला, आला, उदबत्त्या लावल्या. सातवी माळ चालू असताना खिडकीजवळच्या संगणकावरचा नंबर कोणी हात न लावता बदलला. १९२.१६८!

"एक, नऊ, दोन, बारा! एक नि दोन तीन! तीन म्हणजे साक्षात गुरू!" स्वामी गरजले.

मग दाराजवळचा बदलला. मग मधल्या ओळीतला. एकामागून एक, थांबून थांबून, बारा यंत्रांवरून केतू उतरला आणि गुरू बसला. "बाप्पा! खरंच बदलला न वो!" म्हणत बायांनी हात जोडले. स्वामींचं बोट आधी यंत्राकडे जात नव्हतं, यंत्र बदललं की मग जात होतं. पण नीट पाहण्याच्या मनःस्थितीत तिथं कोणीच नव्हतं.

शालूही नव्हती. ती बघत होती ते संस्थेचे अध्यक्ष महादेवराव विपुलच्या पाठीवर थाप मारत होते तिकडं.

"पोरात हातगुण आहे," महादेवराव म्हणाले. "दिवाळीपासून आपल्याले एक कायम पोस्ट भरायची आहे. आता मले दुसरा माणूस धुंडायची गरज नाई."

शालूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सहा वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. रोज पणज गावाहून एसटीनं यायची. महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हटल्यावर फुकटचं लिनक्स बाराही यंत्रांवर तिनं एकटीनं चढवलं होतं. त्या पोस्टवर तिचा जीव होता. आणि विपुल? दोन वर्षांपूर्वी त्याला वायरीचं टोक कसं बसवायचं हेही माहीत नव्हतं. तिनंच शिकवलं. पण तो गोड बोलायचा, अध्यक्षांची पत्रं टाइप करून द्यायचा, आणि उन्हाळ्यात महादेवरावांनी आपल्या कार्यालयाची किल्ली त्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून शालूला तो डोळ्यासमोर नकोसा झाला होता. लोक त्याला 'विपुल सर' म्हणाले की तिला घास गिळवत नसे. हे बरं नाही हे तिला कळत होतं, पण कळून काय उपयोग?

स्वामी जाताना सांगून गेले, "केतू चिवट असतो. पुन्हा येईल. पुढच्या गुरुवारी महाअंकशुद्धी करू. ज्यांना शेताचा अंक शुद्ध करायचा असेल त्यांनी सातबारा घेऊन यावं."

शेताचा अंक! झालं. त्या सालीही कापसानं दगा दिला होता, बोंडं गळत होती, आणि लोक काय वाट्टेल ते ऐकायला तयार होते. बातमी अकोटपासून अमरावतीच्या सीमेपर्यंत गेली.

शुक्रवारी शालू लवकर आली. नंबर आपोआप कसा बदलला हे तिला छळत होतं. स्वामींच्या मंत्रावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणार कसं? लिनक्सची एक खोड आहे. ते आपण काय काय केलं ते मुकाट्यानं लिहून ठेवतं. शालूनं ती नोंद उघडली आणि वाचता वाचता खुर्चीत सरळ बसली.

सोमवारी सकाळी संगणक चालू झाला तेव्हा त्यानं संगणकांच्या जाळ्यात हाक मारली होती, 'कोणी आहे का? मला नंबर द्या.' उत्तर नाही. पाच मिनिटांनी पुन्हा हाक. उत्तर नाही. असं तीन दिवस, दर पाच मिनिटांनी. आणि गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं होतं. देणाऱ्याचा पत्ताही लिहिलेला होता. नंबर वाटणाऱ्या पेटीचा! ती पेटी अध्यक्षांच्या कार्यालयात, टेलिफोनच्या लाइनशेजारी होती.

खरं तर शालूला पहिल्या दिवसापासून शंका त्या पेटीचीच होती. पण कार्यालयाची किल्ली विपुलकडे. त्याला 'जरा दार उघडून दे' म्हणायचं? तिची जीभ रेटली नाही. त्याऐवजी तिनं तीन दिवस बारा वायरी काढून तपासल्या, बदलल्या, पुन्हा काढल्या.

आताही ती विपुलकडे गेली नाही. अब्दुल रहीम चाचांकडे गेली. संस्थेची सगळी विजेची कामं ते करायचे आणि मीटर कार्यालयात असल्यामुळे दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती.

"बेटा, ही पेटी तर पूजेत होती," दार उघडता उघडता चाचा म्हणाले.

"पूजेत?"

"खंडेनवमीला नत्थुजीनं सगळी हत्यारं मांडली होती ना पाटावर. माझा टेस्टर, पक्कड, ड्रिल. ही पेटी बी पिन काढून ठेवली, का हे बी यंत्रच आहे म्हणून."

शिपाई नत्थुजींना बोलावलं. ते म्हणाले, "पूजेतली चीज कशी उचलू बाई? अध्यक्षसाहेब अक्षता टाकतील मंग हालवायची, असा रिवाज आहे आपला. साहेब अमरावतीले होते. सोमवारी मी विपुलभाऊले इचारलं, त्यानं सांगतलं का राहू द्या, मी लावतो."

पेटीवर हळदीकुंकवाची बोटं अजून तशीच होती. पिन मात्र बोर्डात होती, दिवे लुकलुकत होते. लावली कधी? उदबत्त्या आणायला गेला तेव्हा. शालूला हसू आलं आणि लगेच रागही आला. पकडला चोर, असं तिला ओरडावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, तिला सत्याचा आनंद थोडा आणि विपुलचं नाक कापलं जाणार याचा जास्त झाला होता.

"चाचा, पुढच्या गुरुवारी एक काम कराल?"

"तू बोल तर खरी."

बुधवारी दुपारी केतू परत आला. बाराही पडद्यांवर १६९. पिन विपुलनंच पुन्हा काढली हे ओळखूनही शालूनं मुद्दाम काळजीचा चेहरा केला.

गुरुवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सातबारे घेऊन माणसं आली होती. पुढच्या रांगेत दुर्गाबाई होत्या. तीन एकर काळी जमीन, दोन सालं पिकलं नाही.

"माय, सातबारातच सात आहे ना," त्या शेजारणीला म्हणत होत्या. "तोच केतू आमाले भोवला."

स्वामींनी जप लावला. विपुल उदबत्त्या आणायला म्हणून सटकला. कार्यालयाचं दार उघडलं तर समोर खुर्चीत अब्दुल रहीम चाचा, मांडीवर पेटी.

"काहून रे बेटा? उदबत्ती इथं नाही ठेवत."

विपुल हात हलवत परत आला. स्वामींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. स्वामींचा आवाज चढला. अकरा माळा झाल्या. एकवीस झाल्या. केतू हलेना. कफनीची पाठ घामानं भिजली.

"इथं कोणीतरी नास्तिक उभा आहे!" स्वामी ओरडले. "त्याची छाया पडते आहे!"

"हो, मी आहे," शालू म्हणाली. "चाचा, या."

चाचा पेटी घेऊन आले आणि बटण बंद ठेवून तिची पिन बोर्डात, संगणकांची वायर पेटीत बसवली. हळदीकुंकू लावलेली ती काळी पेटी पाहून महादेवराव चक्रावले. "अरे, हे तर माझ्या कार्यालयातलं."

"हो साहेब. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला नंबर लागतो, घराला असतो तसा, म्हणजे आलेलं पत्र बरोबर पोचतं. हा नंबर कोणी हातानं भरत नाही. यंत्र स्वतः मागतं, ही पेटी देते. पेटी बंद असली तर यंत्र स्वतःच एक कामचलाऊ नंबर घेऊन बसतं, आणि तो नेहमी १६९.२५४ नंच सुरू होतो. अकोटातच नाही, जगात कुठंही. त्या नंबरवर शेजारच्या यंत्राशी बोलता येतं, बाहेर जाता येत नाही. म्हणून इंटरनेट बंद. पण यंत्र मागणं सोडत नाही. दर पाच मिनिटांनी विचारतं. गेल्या गुरुवारी उदबत्त्यांच्या वेळी विपुलनं हिची पिन लावली, म्हणून नंबर बदलले. दुर्गाबाई, या इकडे. हे बटण दाबा."

"म्या? वं बाई, काही झालं मंजे?"

"काही होत नाही. दाबा."

दुर्गाबाईंनी पदर सावरून बटण दाबलं. पेटीचे दिवे लागले. ना मंत्र, ना माळ. सगळे घड्याळाकडे आणि पडद्यांकडे पाहू लागले. दोन मिनिटं काहीच नाही. स्वामींच्या ओठांवर हसू फुटू लागलं, तेवढ्यात मधल्या ओळीतला एक संगणक १९२.१६८ झाला. मग भिंतीकडचा.

"एकदम का नाही होत?" महादेवरावांनी विचारलं.

"एकेक यंत्र वेगळ्या मिनिटाला सुरू केलं होतं, साहेब. ज्याची विचारायची वेळ आली, त्याला नंबर मिळाला."

पाच मिनिटांत बाराही झाले. दुर्गाबाईंनी डोळे मोठे केले. "मंजे मी बी स्वामी झाली काय वं?"

खोली हसण्यानं दणाणली. स्वामींनी हात वर केला. "पेटी निमित्त आहे! अंक पाहा! केतूचा गुरू झाला की नाही?"

"पाहू ना," शालू म्हणाली आणि फळ्याकडे वळली. "महाराज, तुम्ही पहिलेच तीन आकडे मिळवले. पुढचे तीन का सोडले? शेवटचे आकडे दर यंत्राला वेगळे असतात, ते बाजूला ठेवू. दुर्गाबाई, मिळवा. एक, सहा, नऊ."

"सोळा."

"दोन, पाच, चार."

"अकरा. सत्तावीस झाले."

"आता गुरूचा नंबर. एक, नऊ, दोन, बारा. एक, सहा, आठ, पंधरा. बारा नि पंधरा?"

दुर्गाबाई बोटांवर मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "सत्तावीसच की वो!"

फळ्यावर दोन्हीकडे सत्तावीस. केतूही सत्तावीस, गुरूही सत्तावीस. स्वामींनी सवयीनं कॅल्क्युलेटर काढला, पाहिला, परत खिशात घातला. जीप चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा बऱ्याच जणांना ते गेल्याचं कळलं. विपुल तेवढा कोपऱ्यात मान खाली घालून उभा राहिला.

महादेवराव खाकरले. "शालूबाई, माझंच चुकलं. पोस्ट तुमची."

सहा वर्षं ती या शेवटच्या दोन शब्दांची वाट पाहत होती. तिनं विपुलकडे पाहिलं. त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिला इतकं गार वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

तेवढ्यात दुर्गाबाईंनी आपल्या रोखठोक आवाजात विचारलं, "पण बाई, तुमाले एवढं सगळं ठावं होतं, तर पयल्याच दिवशी जाऊन पेटी काहून नाई पायली?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. किल्ली मिळाली नाही म्हटलं असतं तरी लोकांनी मानलं असतं. शालूनं खडू खाली ठेवला.

"जळत होते मी," ती म्हणाली. "किल्ली विपुलकडे होती. त्याला विचारावं लागेल म्हणून मी विचारलं नाही. पिन काढलेली आहे हे त्यानं लपवलं, हे खरं, पण मी पहिल्या दिवशी दार उघडायला सांगितलं असतं, तर त्याला लपवायला काही उरलंच नसतं आणि हे महाराज अकोल्यातच राहिले असते. तुम्ही आंधळ्या श्रद्धेनं नंबर पाहिला नाही आणि मी जळफळाटानं पेटी पाहिली नाही. फरक फार नाही."

महादेवराव हळूच म्हणाले, "तर मग पोस्ट कोणाच्या हातगुणावरही नको अन् माझ्या मर्जीवरही नको. जाहिरात देऊ. परीक्षा घेऊ. तुमीही बसा."

हातातोंडाशी आलेली पोस्ट शालूनं आपल्याच तोंडानं घालवली होती. पण बोललेलं तिला परत घ्यावंसं वाटलं नाही.

दुर्गाबाई सातबारा पिशवीत घालत होत्या. "मंग आमच्या वावराचा नंबर?"

"तो मोजणीवाल्यांनी दिलेला नंबर आहे, दुर्गाबाई. कागदावर वावर सापडावं म्हणून. बोंडं का गळतात ते त्या नंबरला माहीत नाही. गळालेली बोंडं पिशवीत भरा आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात जाऊन दाखवा. तिथं माणसं आहेत, त्यांना विचारा. नाही समजलं तर पुन्हा विचारा." ती सगळ्यांकडे वळली. "कोणी आकडे मिळवून दाखवले, तर राहिलेले आकडे कुठं गेले ते विचारा. आपोआप काही झालं म्हणाले, तर वायर कुठं जाते ते जाऊन पाहा. आणि ज्याच्या हातात किल्ली असेल त्याला दार उघडायला सांगा. तो तुम्हाला आवडत नसला, तरी सांगा."