अर्धा सूर खाली

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. मालकाचा हात घासून घासून माझा लाल रंग उडाला आहे आणि आतलं लाकूड उघडं पडलं आहे. मित्रांनो, हल्ली बोलायचंही जिवावर येतं; पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

खुर्च्या-टेबलं करणाऱ्या एका सुताराने मला हौसेने घडवलं. माझा मालक, त्याचा मेहुणा आणि दोन मित्र असा चौघांचा रॉक बँड होता. मेहुणा गायचा. त्याचा आवाज असा चढायचा, की मागे भिंतीला रेललेले लोकही सरळ उभे राहायचे. गावोगावी आमची गाणी लोकांना तोंडपाठ होती.

पुढे पोरंबाळं झाली, नोकऱ्या आल्या, बँड मोडला. मी कपाटामागे पडले. तारा गंजल्या, मालकीणबाई माझ्या मानेला छत्री अडकवू लागल्या. कितीतरी वर्षांनी जुन्या गाण्यांना पुन्हा मागणी आली, तेव्हा मला पुसून बाहेर काढलं. चौघेही जमले; ड्रमवाला गुडघ्याला पट्टा बांधून, मेहुणा खिशात खोकल्याच्या गोळ्या घेऊन.

पहिल्याच कार्यक्रमात टिपेच्या सुराला मेहुण्याचा आवाज फाटला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. परतताना गाडीत तो म्हणाला, की आता बास, लोकांना आपलं तरुणपणच आठवू दे. मालकीणबाईंनी, म्हणजे त्याच्या बहिणीने, नाना परींनी समजावलं, पण तो हटेना. आधीच कबूल केलेला एक कार्यक्रम तेवढा करायचा, एवढंच त्याने मान्य केलं.

त्या संध्याकाळी मालकाने स्टेजमागच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि माझ्या सगळ्या खुंट्या हळूच सैल केल्या. बेस गिटारवाल्यालाही तसंच करायला सांगितलं. सगळी गाणी अर्धा सूर खाली आली. मला फार लाज वाटली. ताठ तारांचा मला भारी तोरा होता. पण त्या दिवशी मेहुण्याने डोळे मिटले आणि तो वरचा सूर अलगद गाठला. घरी जाताना पुढच्या कार्यक्रमाची गोष्ट त्यानेच काढली.

वर्षं गेली. तारा आणखी अर्धा सूर उतरल्या. मालकाने मेहुण्याला हे कधी कळू दिलं नाही.

परवा कार्यक्रमानंतर दोघे मागच्या पायरीवर बसले होते. मालक आखडलेल्या बोटांनी मला पुसत होता.

“गाण्यांची पट्टी उतरवतोस ना?” मेहुण्याने विचारलं.

मालकाचा हात थांबला. “हो.”

“कधीपासून?”

“तू सोडतो म्हणालास, तेव्हापासून.”

मेहुण्याने बूट काढले आणि तो नुसता पाय चोळत बसला. मला वाटलं, संपलं सगळं.

मग तो म्हणाला, “पुढच्या वेळी अजून थोडी उतरव.”

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं थकलेलं माणूस गुणगुणत असेल, तर त्याला वर ओढू नका. आपणच जरा खाली उतरून साथ करा. आणि गिटार वाजवून झाली, की तिच्या तारा कोरड्या फडक्याने पुसून ठेवत जा. माणसाच्या घामानेच त्या गंजतात.