घरात किमान दोन

उज्वलाने पडद्यावरची आजी माउसने उचलली, पिवळ्या घरात ठेवली आणि 'झालं'चं बटण दाबलं. बटण ढिम्म हललं नाही. कौलावरची चिमणी तेवढी म्हणाली, "अजून कुणीतरी राहिलंय. शोध बरं!"

"ऐकलंत ना मॅडम? हेच होतंय," फोनवर सुचिता म्हणाली. ती दिघ्याच्या शाळेत दुसरीला शिकवायची. "आमची क्षिप्रा या चिमणीसमोर आख्खा तास बसून होती."

खेळ साधा होता. आपल्या गल्लीतली चार घरं भरायची, ज्या घरात जी माणसं राहतात ती तिथे ठेवायची आणि मग सगळ्यांची बेरीज करायची. क्षिप्राने तीन घरं झटपट भरली. चौथं शेजारच्या रंगूबाईचं. त्यात तिने एक आजी ठेवली आणि तिथेच गाडी अडली.

"मग आणखी कुणीतरी ठेवायचं," उज्वला म्हणाली.

"मी पण तेच बोलले. तर म्हणते, रंगूआजी एकटीच राहते, मी खोटं कशाला टाकू? ऐकतच नाय."

"अहो, मी मुद्दामच किमान दोन ठेवलेत. पोरांना मोजायला लावायचंय. एकात मोजायचं काय?"

"एक मोजत नाय का मॅडम?" सुचिताने सहज विचारलं. तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि तिने फोन ठेवलाही.

पाच वर्षं उज्वला हे खेळ बनवत होती. कुणीही फुकट घ्यावेत, हवे तसे बदलावेत, पुढे द्यावेत. ओपन सोर्स म्हणजे गावजेवणच. कोण जेवून गेलं याचा पत्ता नाही, मीठ कमी पडलं की मात्र निरोप हमखास. तरी त्या तक्रारींचीच ती वाट बघायची. कित्येक दिवस तिच्याशी बोलणारं तेवढंच कुणीतरी असायचं.

घणसोलीची ही खोली वडिलांनी वाशीच्या मार्केटात पाठीवर गोण्या वाहून मिळवली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई गेल्या चैत्रात गेली. तेव्हापासून साताऱ्याकडचा थोरला भाऊ हौसेराव मागे लागला होता, खोली भाड्याने दे आणि गावी ये. माणूस वाईट नव्हता. त्याचं घर नऊ माणसांचं, तरी माडीवरची एक खोली त्याने बहिणीसाठी रंगवून ठेवली होती. भाडेकरूही त्यानेच बघितला होता आणि त्या माणसाला आज संध्याकाळी उत्तर हवं होतं. उज्वलाला जायचं नव्हतं. पण "कुणासाठी थांबतीस तिथं?" असं हौसेरावाने विचारलं की ती विषय बदलायची. सांगण्यासारखं कुणी नव्हतंच.

तिने खेळाचा कोड उघडला. 'घरात किमान दोन' ही ओळ लिहिली तेव्हा आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. उज्वलाने दोनाच्या जागी एक लिहिला. बदल एका आकड्याचा, पण तपासणी सगळी करावीच लागते, नाहीतर एकीकडे ठिगळ लावावं आणि दुसरीकडे उसवावं. मग तिने एकेका माणसाला एकटं ठेवून पाहिलं. एकटे आजोबा. एकटा काका. एकटी आजी. दर वेळी चिमणी पंख फडफडवून ओरडायची, "शाब्बास! या घरात एक माणूस!"

चष्मेवाली मावशी शेवटी राहिली. उज्वलाने नाकावरचा आपला चष्मा सारखा केला, तिला दारातून आत नेलं, मधोमध ठेवलं आणि बटण दाबलं.

"शाब्बास! या घरात एक माणूस!"

चिमणीच्या तोंडी ते वाक्य तिनेच कधीतरी घातलेलं. तरी ते बोलणं तिच्या एकदम काळजाला भिडलं आणि डोळे भरून आले. गेल्या वर्षभरात हे तिला कुणी म्हणालं नव्हतं. तिने घर रिकामं केलं आणि मावशीला पुन्हा आत ठेवलं. उगीचच, कारण तपासून तर झालं होतं.

बदल सगळ्यांसाठी चढवून तिने सुचिताला निरोप धाडला, 'क्षिप्राला सांगा, तिचंच बरोबर होतं.' मग चहा टाकला.

चहा गाळत होती तेवढ्यात हौसेरावाचा फोन आला.

"उजे, काय ठरलं मग? त्या माणसाला हो म्हणून सांगू का?"

"नको दादा. खोली देता यायची नाही."

"का गं? आता काय झालं?"

"इथं एक माणूस राहतंय."

पलीकडे टीव्ही चालू होता, पोरं भांडत होती. हौसेरावाने त्यांना दटावलं आणि फोन कानाशी घट्ट धरला असावा, कारण त्याचा आवाज जवळ आला.

"आं? मला न सांगता ठिवलंस व्हय?" तो म्हणाला. "कोन हाय?"

त्याला खरंच कळलं नव्हतं.