दोन वाजता पाहिलेली अंडपेशी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे मित्रांनो, आणि थोडा घमेंडखोरही आहे. तुमच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते मला दिसतं, मग नाक वर असणारच की!

माझी उमेदीची वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या बाई मला रोज पुसायच्या. मी मुलांना बेडकाची अंडी दाखवली. ती वरून काळी आणि खालून पिवळट, कारण जड बलक तळाशी बसतो. त्यांचं फलन उघड्या पाण्यात होतं. कोंबडीच्या अंड्यातला अख्खा पिवळा गोळा म्हणजे एकच पेशी, हे ऐकून मुलं तोंडात बोटं घालायची. तिच्यात बलकच बलक, आणि पिल्लू घडतं ते वरच्या एवढ्याशा पांढऱ्या ठिपक्यात. कवच नंतर चढतं, म्हणून तिथे फलन आधीच पोटात उरकावं लागतं. माणसाच्या अंडपेशीत मात्र बलक जवळजवळ नसतोच. आई पोटात पोसणार असते, मग शिदोरी हवी कशाला?

पुढे बाई मूल होत नसलेल्यांच्या दवाखान्यात कामाला लागल्या आणि मलाही घेऊन गेल्या. तिथे नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. कोणी झाकेना, कोणी पुसेना. फार राग आला, खोटं कशाला बोलू?

एकदा एक शिंपीण आणि तिचा बसचालक नवरा आले. तिची एकच अंडपेशी मिळाली. दुपारी एक वाजता ती नवऱ्याच्या शुक्रपेशींसोबत बशीत ठेवली. एक शुक्रपेशी आत शिरली की अंडपेशी बाकीच्यांना दार लावून घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात दोन गोल दिसले, एक आईकडचा आणि एक बाबांकडचा, की फलन झालं समजायचं. पण त्या सकाळी नवं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं, आणि धुळीने कोंदलेला माझा दिवा ऐन वेळी गेला. दुसरा दिवा मिळेपर्यंत दुपारचे दोन वाजले. नव्या तंत्रज्ञ ताईंनी पाहिलं, तर एकही गोल नाही. त्यांनी ‘फलन नाही’ असं लिहून बशी टाकायला उचलली.

“कधी पाहिलंस?” बाईंनी विचारलं.

“आत्ताच, दोनला.”

“मग गोल कसे दिसतील? एव्हाना ते एकमेकांत मिसळले असतील. टाकू नकोस. पाचला बघू.”

बशी परत उबदार पेटीत गेली. ते तीन तास मी जीव मुठीत धरून बसलो. पाच वाजता माझ्या भिंगाखाली दोन सारख्या पेशी होत्या, एकमेकींना खेटून.

बाईंनी बाहेर जाऊन सांगितलं, की एकीच्या दोन झाल्या. शिंपीण घाबरलीच. “दोन? पण माझी तर एकच होती. अदलाबदल तर नाही ना झाली?”

बाई हसल्या. बाळ असंच वाढतं, एकीच्या दोन आणि दोनांच्या चार, असं त्यांनी समजावलं. तेव्हा कुठे तिने नवऱ्याचा हात धरला आणि ती मनसोक्त रडली.

आता माझ्यावर रोज कापड असतं आणि मी अगदी मजेत आहे. पण मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर काम झाल्यावर त्याला पुसून झाकत जा. त्या कामाला दोनच मिनिटं लागतात. त्या नवरा-बायकोने बाळासाठी अकरा वर्षं वाट पाहिली होती.