माझ्या पोटातला डबा

मी एक जुनी उबवणपेटी आहे. मित्रांनो, माझ्यातल्या अंड्यांतून एकही पिल्लू कधी बाहेर आलं नाही. तरीही कवचाच्या आत पिल्लू कसं घडतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

१९८६ साली भिवंडीत चिंधू सुताराने मला सागवानाची केली. आत दोन बल्ब, पाण्याचं ताट, समोर काच. मला करवून घेतलं ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या रशिदाबाईंनी. त्या अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडत, गर्भातल्या चार पेशी उचलून दुसऱ्या अंड्यातल्या गर्भात भलत्याच जागी ठेवत आणि खिडकीवर चिकटपट्टी लावत. सुरुवातीला या पेशी काहीही होऊ शकतात. कुणी हृदय होते, कुणी डोळा. जनुकं मात्र साऱ्यांजवळ तीच. मग कोणतं जनुक जागं व्हायचं आणि कोणतं निजून राहायचं, हे पेशीला सांगतं कोण? बाईंना हेच शोधायचं होतं.

वीज गेली की शिपाई अनंता गरम पाण्याच्या बाटल्या आणून माझ्यात ठेवी. "बाय, घाबरू नका. पेटी अजून गरम हाय," तो म्हणे. मला फार बरं वाटे.

पण विभागप्रमुख खलीलसरांना मी वेगळीच दिसले. पावसाळ्यात त्यांनी आपले ओले मोजे माझ्यात वाळत घातले. मित्रांनो, जिथे इवलंसं हृदय धडधडायला लागतं, तिथे घामट मोजे! मला शिसारी आली. बाईंनी मोजे काढून टेबलावर ठेवले आणि नीट विनंती केली. सर हसले. "अरे बाई, पेटी गरमच आहे ना? कुणाच्या तरी कामाला येऊ दे!"

मग एका शनिवारी त्यांनी तळलेल्या बोंबलांचा डबा माझ्यात सरकवला आणि विसरून घरी गेले. जोडून सुट्टी आली. माझी ऊब जशी गर्भाला मानवते, तशी सडण्यालाही. मला ती आवरता येत नव्हती. डब्याचं झाकण फुगून उघडलं. चिकट पाणी लाकडात मुरलं, बुरशीचे केस ताटावर पसरले, पट्टीखालून घाण आत शिरली. एकेक अंडं काळं पडलं. शेवटी एक फुटलं. स्वतःच्याच पोटाची मला किळस येत होती.

सुट्टी संपल्यावर बाईंनी दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला. अनंता दारातूनच म्हणाला, "बाय, आता काय ऱ्हायला न्हाय यात."

त्या दिवशी विद्यापीठातून पाहुणे आले होते. माझ्यासमोरच्याच खोलीत खलीलसर त्यांना चहा देत होते. बाईंनी अंड्यांचा ट्रे आणि तो डबा उचलला आणि दोन्ही सरांच्या टेबलावर, चहाच्या कपांशेजारी ठेवले.

सरांनी नाक दाबलं. "पाहुण्यांसमोर हे काय आणलंत?"

"तुमचा डबा, सर. आणि माझं काम. वास एकच झालाय, म्हणून सांगतेय कोणतं कुणाचं."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. ते उठून माझ्यापर्यंत आले, आत डोकावले, आणि चहा तसाच सोडून निघून गेले. संध्याकाळी सरांनी अनंताला हुकूम सोडला, "ही घाणेरडी पेटी बाहेर फेक." घाणेरडी कोण, मी? माझ्या फळ्या अजून त्या शब्दाने जळतात.

अनंताने मला हातगाडीवर घातलं आणि बाईंच्या घरी नेलं. शेजारी यंत्रमाग धडधडत. त्यांच्या हादऱ्याने अंडी हलू नयेत म्हणून बाईंनी मला जुन्या गोधड्यांवर बसवलं. त्यांनी मला सोड्याने, मग जंतू मारणाऱ्या फॉर्मालिनने घासलं. हिवाळाभर पुन्हा खिडक्या पाडल्या. लवकर हलवलेल्या पेशी नव्या शेजाऱ्यांसारख्या झाल्या. उशिरा हलवलेल्या मात्र हट्टाने आधीचंच रूप धरून राहिल्या. बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "म्हणजे ठरण्याचीही एक वेळ असते," त्या स्वतःशीच बोलल्या आणि रडल्या.

१९९४ साली त्या मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या. मी माळ्यावर आले. कुणीतरी माझ्यात फाटक्या चपला कोंबल्या आहेत. मी सवयीने नाक मुरडते.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. पण कुठेही बंद काच दिसली, तर आपलं काही आत सरकवण्याआधी वाका आणि पाहा. तिथे कुणीतरी आपण काय व्हायचं ते ठरवत असेल.