अर्धा चमचा

नीलाबाईनं चमच्यात पेज घेतली आणि वाटीच्या काठाला चमचा निपटला. अर्धाच चमचा. भरून घ्यायचा नाही, योगिता सिस्टरने दोनदा बजावलेलं. पेजही अशी घट्ट की चमचा तिरपा केला तरी ओघळू नये. समोर खाटेवर, पाठीशी उशा लावून बसवलेले तिचे मालक, वैजिनाथअप्पा. झटक्यानं डावी बाजू लुळी पडलेली, ओठ एकीकडे ओढलेला. आज सुट्टी मिळणार होती. बीडहून गेवराई काय, तासाभराची वाट — पण घरी जो भरवणार त्यानं आधी इथं भरवून दाखवायचं, मगच सुट्टीचा कागद. “भरवणार कोण?” सिस्टरने विचारलं, आणि सून शिवांजलीनं सरळ सासूकडे बोट केलं. “आत्याच की.”

आत्याच. दुसरं कोण? एक्केचाळीस वर्षं या माणसाच्या तोंडात लिंगपूजा आणि तीर्थ झाल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा गेला नव्हता, आणि दवाखान्यात नाकातल्या नळीनं थेट पोटात दूध! पाचव्या दिवशी तिला राहवेना. खाटेवर पाटी होती — तोंडाने काहीही देऊ नये. वाचता येत होतं की मला, आंधळी नव्हते. पण पाटी जेवणाची असेल, पाण्याची असेल. तीर्थ म्हणजे काय पाणी असतं? आडवे झोपलेले असतानाच तिनं पळीभर तीर्थ ओठांत सोडलं... तो ठसका. काळा-निळा पडलेला चेहरा, आणि थेट तिच्याकडे लागलेले ते डोळे. संध्याकाळी ताप, छाती भरली, मुक्काम अकरा दिवस लांबला. “ताप कावून वाढला?” म्हणून मुलगा रुद्रेश डॉक्टरांशी तावातावानं भांडत होता, आणि त्याची आई शेजारी उभी राहून फरशी बघत होती. कुणाला म्हणून सांगितलं नाही. माझ्या हातानं माणूस जायचा होता, आणि तोच हात आता घरी रोज तीनदा...

तिनं चमचा वाटीत ठेवला.

“सिस्टर, म्या न्हाई भरवणार. त्या दिवशी ह्यांना म्याच तीर्थ पाजलंवतं.”

सगळं सांगितलं. थांबताच येईना. चादरीची घडी घालणारी शिवांजली तशीच उभी राहिली.

“मला म्हाईत हाय, मावशी,” सिस्टर म्हणाली. “पळी उशीखाली घावलीवती. डॉक्टरला तवाच सांगितलं मी.”

“मग मला कावून बोलला न्हाईत?”

“बोलून काय, घरात भांडणं लावू? पोरगं तुमचं आधीच लई तापलेलं.”

“त्यानंच छाती भरली का?”

“भरली असंल, नसंलबी. गिळता येत नसलं की नुसती थुंकीबी आत जाती. तुमी काय एकट्या हाव व्हय! कुणी अंगाऱ्याचं पाणी पाजतंय, कुणी जमजमचं. घरी तीर्थ द्यायचं तर बोट बुडवून ओठाला लावा, बस. आता धरा तो चमचा. उजव्या अंगानं.”

धरला. पाठ ताठ, हनुवटी खाली. अर्धा चमचा आत. थांबायचं... घशाची घाटी वर जाते का बघायचं. घाटी जागची हलेना. मग ती हळूच वर सरकली, खाली आली.

“आता बोलतं करा. आवाज घरघरला तर थांबायचं.”

“अहो... कायतरी बोला की.”

अप्पांनी ओठ जुळवले. “मीठ... न्हाई.”

स्वच्छ आवाज! जिभेला जडपणा होता, पण घरघर नाही. शिवांजली फस्सकन हसली.

“डॉक्टरनंच कमी सांगितलंय!” नीलाबाई म्हणाली.

“मग... तू खा.”

अगं बाई! एक्केचाळीस वर्षांची खोड, झटक्यालाही पुरून उरली. नीलाबाईला हसू आलं, त्यातच रडू आलं. पदरानं तोंड दाबलं तरी आवरेना. सुटले बाई, सुटले... छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला हलकं वाटलं.

“पाणी पुसा डोळ्याचं, आन् सगळी वाटी संपवा,” सिस्टर म्हणाली. “मी कागदं बघते.”

नीलाबाईनं पुन्हा चमचा भरला, अर्धाच. आणि एकदम तिच्या ध्यानात आलं — आपण सगळं बोललो ते ह्यांच्या देखत. हातभर अंतरावर तर बसलेत! कान काही लुळे नाहीत. ऐकलं असेल? ऐकून, समजून, वर मिठाचं सुचलं ह्यांना? की त्यातलं काहीच डोक्यात शिरलं नाही? विचारावं का... आज नको. घरी गेल्यावर, कधीतरी. विचारलं तरी हा माणूस थोडाच सरळ उत्तर देणार आहे! चमचा अजून वाटीपाशीच होता आणि अप्पांनी तिच्याकडे बघत तोंड उघडलं होतं.